लेकीच्या कार्डावरचे ३०० डॉलर आणि महाबळेश्वरचं हॉटेल: ट्रॅव्हल क्रेडिट नेमकं कसं चालतं?

माहुलीकर (सातारा)

नमस्कार मंडळी. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य गेलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घर माहुलीत, स्टेशनापासून चालत दहा मिनिटं. लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे जबर फीचं एक क्रेडिट कार्ड आहे आणि त्यावर दर वर्षी ३०० डॉलरचं ‘ट्रॅव्हल क्रेडिट’ मिळतं. माझ्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्डही तिनं पाठवून दिलंय.

गेल्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. लेकीचा फोन आला, "बाबा, माझे २१५ डॉलर अजून शिल्लक आहेत, वर्ष संपत आलंय. तुम्ही नि आई दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन या, पैसे बँक परत देते." तिनं तिकडून खोली बुक केली, पैसे हॉटेलवर द्यायचे होते. आम्ही दहा तारखेला गेलो, बाराला सकाळी निघताना मी काउंटरवर कार्ड घासलं. खोलीचे १८,२०० रुपये. आदल्या रात्री जेवण तिथेच झालं होतं, त्याचे ३,८४० त्यांच्या हॉलमधल्या मशीनवर वेगळे दिले होते.

आता लेक म्हणते की जेवणाचा एक पैसाही परत आला नाही. खोलीचे आले, पण जुने २१५ डॉलर गेलेच आणि नव्या वर्षाचे ३०० होते त्यातले २०७ कमी झाले. ती रागावलेली नाही, पण माझ्या मनाला लागून राहिलंय. कार्ड घासलं बारा तारखेला, तिचं वर्षही बारालाच संपत होतं. मग चुकलं कुठे? आणि हे क्रेडिट म्हणजे मुळात असतं काय, कुणी मराठीत नीट सांगेल का? बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणाला दोष द्यायचा नाहीये, मला समजून घ्यायचंय.

सिअ‍ॅटलची_सांगलीकर

काका, नमस्कार. माहेर सांगलीचं, गावभागातलं. इथे येऊन अकरा वर्षं झाली. आधी एक सांगते म्हणजे मन हलकं होईल: तुम्ही वेळेत कार्ड घासलंत, चूक तुमची नाही. फक्त बँक घासल्याची तारीख धरत नाही, व्यवहार खात्यावर पक्का नोंदला जातो ती तारीख धरते. हॉटेलनं मशीनवर रक्कम घेतली की आधी ती ‘पेंडिंग’ दिसते. पक्की व्हायला एक ते तीन दिवस लागतात, आणि भारतातलं हॉटेल, अमेरिकेतलं कार्ड म्हटल्यावर अजून थोडं मागेपुढे होतं. तुमचा व्यवहार तेरा किंवा चौदाला पक्का झाला असणार. तोवर जुनं वर्ष बंद झालं होतं.

आता मुळापासून. ट्रॅव्हल क्रेडिट म्हणजे बँक आधी पैसे देत नाही. तुम्ही आधी खर्च करायचा, बँक तो प्रवासाचा आहे का बघते, आणि काही दिवसांनी स्टेटमेंटवर तेवढीच रक्कम वजा करून एक वेगळी ओळ येते. अर्ज नाही, पावती पाठवणं नाही. पण ‘प्रवासाचा आहे का’ हे माणूस ठरवत नाही. दुकानदाराला मशीन देणारी बँक त्याच्या धंद्याला चार आकडी कोड देते, तो कोड ठरवतो. हॉटेल-लॉजला ७०११, रेस्टॉरंटला ५८१२, ट्रॅव्हल एजंटला ४७२२, टॅक्सीला ४१२१, लांब पल्ल्याच्या रेल्वेला ४११२, पार्किंगला ७५२३. तुमचं जेवण त्याच इमारतीत झालं, पण हॉलमधलं मशीन बहुतेक ५८१२ वर नोंदलेलं असेल. तेच बिल खोलीच्या खात्यावर चढवून काउंटरवर एकत्र दिलं असतंत, तर सगळं ७०११ खाली आलं असतं.

हे मी स्वतः शिकले ती अशीच. आईबाबांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो, परतीला जेवणाची तीन बिलं वेगळी दिली, एकही आलं नाही. तेव्हापासून चेक-इन करतानाच सांगते, सगळं खोलीवर लावा.

कृष्णाकाठ

एक शंका. हे पैसे बँक खात्यात येतात का? काढून घेता येतात?

सिअ‍ॅटलची_सांगलीकर

नाही. कार्डाच्या देण्यातून वजा होतात, बस्स. आणि हे क्रेडिट म्हणजे हप्ता भरला असं धरत नाहीत. महिन्याचा किमान भरणा वेळेत करावाच लागतो, नाहीतर लेट फी लागते. शिवाय चेस या अमेरिकी बँकेच्या सफायर रिझर्व्हसारख्या कार्डावर जेवढा खर्च क्रेडिटनं फिटतो, तेवढ्यावर पॉइंटही मिळत नाहीत.

काकांसाठी आणखी एक. अ‍ॅड-ऑन कार्डाला वेगळे ३०० नसतात. मुख्य कार्ड आणि सगळी जोडकार्डं मिळून एकच डबा. तुम्ही इथे काढलंत की तिकडे लेकीचं कमी झालं.

माहुलीकर

ताई, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, फार बरं वाटलं. तारखेचं एकदम डोक्यात शिरलं, कारण आमच्याकडे पीपीएफचं असंच असतं. पाच तारखेपर्यंत पैसे जमा झाले तर त्या महिन्याचं व्याज, सहाला आले तर महिना गेला. काउंटरवर मी हे किती जणांना सांगितलंय. चेक घेऊन चारला संध्याकाळी येणारे असायचे, त्यांना म्हणायचो, बाबा, चेक वटायला दिवस लागतो, तारीख वटल्याची धरतात. आणि स्वतःच्या बाबतीत तेच विसरलो.

लेकीकडून स्टेटमेंट मागवलं. तुमचं बरोबर निघालं. खोलीचा व्यवहार १४ ला नोंदलाय, २०७ डॉलर. जेवण ‘रेस्टॉरंट’ म्हणून दिसतंय.

वाईचा_वाटसरू

काका, १८,२०० चे २०७ डॉलर म्हणजे दर साधारण ८८ चा पडला, ठीक आहे. मशीननं ‘रुपये की डॉलर’ असं विचारलं होतं का? परदेशी कार्ड घातलं की बरीच मशीनं विचारतात. डॉलर दाबलं तर दर मशीनवाला ठरवतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो. भारतात बिल भरताना कायम रुपये दाबायचे.

माहुलीकर

विचारलं होतं. काउंटरवरच्या पोरानं मला न विचारताच रुपये दाबले, आणि वर म्हणाला, "आजोबा, असंच करायचं असतं." त्याचं भलं होवो.

चार्टर्ड_कराडकर

धागा चांगला चाललाय, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. लेकीनं ही फी भरावी का? क्रेडिट आलं की गेलं यापेक्षा तो हिशोब मोठा आहे.

काकांचं कार्ड कुठलं ते मला माहीत नाही, ३०० डॉलरवाली कार्डं एकापेक्षा जास्त आहेत. सगळ्यात गाजलेलं आहे ते उदाहरण घेतो. सफायर रिझर्व्ह २०१६ साली आलं तेव्हा फी ४५० डॉलर आणि क्रेडिट ३००. म्हणजे ज्याचा प्रवास होतोच त्याला निव्वळ १५०. जानेवारी २०२० पासून फी ५५० झाली, क्रेडिट ३००, निव्वळ २५०. जून २०२५ मध्ये फी ७९५ झाली. क्रेडिट? तेच ३००. निव्वळ ४९५. ₹८८ चा दर धरला तर ४३,५६० रुपये. जे क्रेडिट सुरुवातीला दोन-तृतीयांश फी भरून काढायचं, ते आता निम्मीही भरून काढत नाही.

मधली फट भरायला बँकेनं नवी क्रेडिटं आणली. ठरावीक हॉटेलांसाठी वेगळं, ठरावीक रेस्टॉरंटांसाठी वेगळं, कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी वेगळं. २०२५ मध्ये आली तेव्हा त्यांतली बरीच सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत होती. जाहिरातीत सगळ्यांची बेरीज करतात आणि फीपेक्षा दुप्पट-तिप्पट रक्कम दाखवतात. माझ्या अशिलांना मी एकच सांगतो: कार्ड नसतं तरी जो खर्च झालाच असता, तेवढाच जमेच्या बाजूला लिहा. कार्ड आहे म्हणून झालेला खर्च हा खर्चच असतो. ३०० डॉलरच्या मोकळ्या क्रेडिटला मी जवळजवळ रोखीचा मान देतो, कारण त्यात विमान, हॉटेल, बस, रेल्वे, टॅक्सी, टोल, पार्किंग सगळं बसतं. अमेरिकेत शहरात राहणाऱ्या माणसाचे ते आपोआप फिटतात. बाकीच्या क्रेडिटांना मात्र निम्मी किंमतही देत नाही.

आणि ‘प्रवास’ कशाला म्हणायचं ते बँकेच्या हातात असतं, हेही ध्यानात ठेवा. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, याच कार्डाचं हे क्रेडिट किराणा आणि पेट्रोलवरही लागू केलं होतं. तेव्हा ग्राहकाच्या बाजूनं दार उघडलं. तेच दार उलट्या बाजूनंही फिरू शकतं.

सिअ‍ॅटलची_सांगलीकर

कराडकरांशी पूर्ण सहमत. क्रेडिट-क्रेडिटमध्ये किती फरक असतो तेवढं जोडते, कारण नाव एकच असल्यानं लोक फसतात.

कॅपिटल वन बँकेचं व्हेंचर एक्स कार्ड २०२१ च्या नोव्हेंबरात आलं, फी ३९५. त्यालाही ३०० डॉलर, पण ते फक्त त्यांच्याच पोर्टलवर, म्हणजे बँकेच्या प्रवास-बुकिंगच्या साइटवर, बुकिंग केलं तर. तिथे पैसे भरतानाच वजा होतात, नंतर परत येत नाहीत. शिवाय दर वर्षी १०,००० माइल्स, म्हणजे प्रवासासाठी १०० डॉलर. कागदावर फी पुरी वसूल होते. पण महाबळेश्वरातलं घरगुती लॉज त्या पोर्टलवर असेलच असं नाही, आणि काउंटरवर कार्ड घासून तर काहीच मिळणार नाही.

अमेरिकन एक्सप्रेस प्लॅटिनमचं, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या कार्डाचं, तर आणखी वेगळं. २०० डॉलरचं ‘एअरलाइन फी क्रेडिट’. त्यात तिकीट बसत नाही! बॅगेचे पैसे, सीट निवडण्याचे पैसे, असले किरकोळ खर्च. तेही आधी एक विमान कंपनी निवडायची, आणि यादीत अमेरिकन कंपन्याच. एअर इंडियानं आईबाबांना आणायचं असेल तर त्या क्रेडिटचा उपयोग शून्य. आणि ते वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं, कार्ड कधी घेतलंत त्याच्याशी संबंध नाही. सफायर रिझर्व्हचंही पूर्वी तसंच होतं. २१ मे २०१७ च्या आधी अर्ज केलेल्यांना कॅलेंडर वर्ष, नंतरच्यांना कार्डाच्या वाढदिवसाचं, म्हणजे कार्ड घेतल्याच्या तारखेपासूनचं वर्ष. कॅलेंडर वर्षवाले एका फीमध्ये दोन वर्षांची क्रेडिटं घ्यायचे, एक डिसेंबरात आणि एक जानेवारीत. ते पुढच्यांसाठी बंद झालं.

वाढदिवसाचं वर्षही बरोबर वाढदिवसाला संपत नाही. त्यानंतरचं स्टेटमेंट निघतं त्या दिवशी संपतं. फी लागायची तारीख वेगळी, क्रेडिटची वेगळी. लेकीला म्हणावं, स्टेटमेंटची तारीख बघ.

कृष्णाकाठ

वेण्णा लेकची बोट प्रवासात धरतील का? आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय आणि भावाचं कार्ड सोबत आहे.

सिअ‍ॅटलची_सांगलीकर

नाही हो. फेरफटका, होडी, प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं हे सफायर रिझर्व्हच्या व्याख्येत नाहीत. विमानात विकत घेतलेला मालही नाही.

वाईचा_वाटसरू

आणि सातारा ते महाबळेश्वर गाडी केली तरी गाडीवाला यूपीआयच घेणार. परदेशी क्रेडिट कार्ड तिथे चालत नाही. म्हणजे आपल्या भागात या क्रेडिटला खरी जागा म्हणजे नीट कार्ड मशीन असलेलं हॉटेल, नाहीतर विमानाचं तिकीट.

विश्रामबागकर (सांगली)

हळदीच्या धंद्यात आहे, वर्षातून दोनदा-तीनदा दुबईला जाणं होतं. इथे सगळी अमेरिकेची चर्चा चाललीय, म्हणून आपल्याकडचं लिहितो, कारण सांगलीत बँकेचा माणूस दुकानात येऊन अशी कार्डं विकायला लागलाय आणि तोही ‘फी परत मिळते’ असंच सांगतो.

आपल्याकडे ‘खर्च करा, तेवढे वजा करू’ असं थेट क्रेडिट जवळपास नाही. आपल्याकडे पॉइंट किंवा व्हाउचर देतात. उदाहरणाला एचडीएफसीचं इन्फिनिया कार्ड घ्या. फी १२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२५०, एकूण १४,७५०. बदल्यात १२,५०० पॉइंट. ऐकायला बरोबरी वाटते. पण जीएसटी परत येत नाही, ते गेलेच. आणि पॉइंटाला पूर्ण रुपया मिळतो तो त्यांच्या स्मार्टबाय या साइटवर विमान किंवा हॉटेल बुक केलं तर. त्यातही बिलाच्या ७० टक्केच पॉइंटांतून भरता येतात, ३० टक्के कार्डावर. म्हणजे १२,५०० पॉइंट एका दमात संपवायला सुमारे १७,८५७ रुपयांचं बुकिंग हवं. तेच पॉइंट कार्डाच्या बिलात वळते केले तर पॉइंटाला ३० पैसे. १२,५०० चे ३,७५० झाले!

माझ्यापुरतं सांगायचं तर दुबईचं तिकीट मी काढतोच, त्यामुळे मला ते पॉइंट रुपयाच्या भावानं पडतात. शेजारच्या दुकानदाराला तेच कार्ड घेऊन दिलं असतं तर त्याला ३० पैशांनी पडले असते. तो तिरुपतीला वर्षातून एकदा जातो, तेही मिरजेहून रेल्वेनं.

परदेशात वापरणार असाल तर आणखी एक. आपल्या बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचं मार्कअप, म्हणजे परदेशी खर्चावर बँक लावते तो जादा आकार, ३.५ टक्के, त्यावर जीएसटी धरून ४.१३. इन्फिनियावर २ टक्के, जीएसटी धरून २.३६. लाखाच्या खर्चावर १,७७० रुपयांचा फरक. हा फायदा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, पण माझ्यासाठी व्हाउचरपेक्षा मोठा आहे.

आणि योजना बदलतात. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाच्या खर्चावर २५,००० पॉइंट मिळायचे. लोकांनी त्यावर परदेशवाऱ्या ठरवल्या होत्या. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद. त्यामुळे तीन वर्षांचा हिशोब मांडू नका, चालू वर्षाचाच मांडा.

चार्टर्ड_कराडकर

विश्रामबागकर, फार उपयोगी लिहिलंत. आपल्याकडे कार्ड नको झालं तर घाबरायचं कारण नाही हेही सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती बँकेनं कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करायची. नाही केली तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. विनंती लेखी करा, तारीख जपून ठेवा. आणि बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाका.

कृष्णाकाठ

मला एक पटत नाही. एकदा फी भरलीच आहे तर क्रेडिट सोडायचं कशाला? फुकट जाण्यापेक्षा काका-काकू फिरून आले हे चांगलंच झालं की.

चार्टर्ड_कराडकर

फी भरून झाल्यावर तुमचं बरोबर आहे. गेलेली फी परत येत नाही, मग क्रेडिट वापरावं. माझा मुद्दा पुढच्या फीचा आहे. ‘दर वर्षी क्रेडिट वापरून टाकायचं म्हणून’ सहल काढायची आणि त्या सहलीकडे बोट दाखवून पुन्हा फी भरायची, हे चक्र मी घराघरात बघतोय. काका, तुमच्या त्या दोन दिवसांत गाडी, जेवण, बाकीचं मिळून किती गेले?

माहुलीकर

लिहून ठेवलंय, सवय आहे. गाडी ४,५००, जेवण ३,८४०, बाकी किरकोळ १,६०० च्या आसपास. म्हणजे जवळपास दहा हजार वरचे. हे आम्ही एरवी केले नसते. पण कराडकर, ते दोन दिवस मी तुमच्या वहीत शून्य म्हणून लिहिणार नाही. हिला गुडघ्याचा त्रास आहे, तीन वर्षांत ती ताथवड्याच्या बहिणीकडे सोडून कुठे गेली नव्हती. पहिल्या सकाळी खोलीच्या गॅलरीत शाल गुंडाळून बसली होती, समोर नुसतं धुकं. चहा गार होईपर्यंत उठली नाही.

चार्टर्ड_कराडकर

काका, ते तसंच असू द्या. ते क्रेडिटच्या रकान्यात नाही आणि खर्चाच्याही नाही. मी फक्त लेकीच्या फीबद्दल बोलत होतो.

वाईचा_वाटसरू

एक विचारायचं राहिलं. बुकिंग करून क्रेडिट आलं आणि मग बुकिंग रद्द केलं तर?

सिअ‍ॅटलची_सांगलीकर

बँक ते क्रेडिट परत काढून घेऊ शकते, अटींत तसं लिहिलेलं असतं. जुनं वर्ष संपल्यावर रद्द केलं तर मोठा घोळ. म्हणून वर्षअखेरीला रद्द होऊ शकेल अशा बुकिंगवर विसंबू नये. आणि लेकीनं पुढच्या वेळी खोली बुक करताना ‘आत्ता पैसे भरा’ हा पर्याय घ्यावा. मग तारीख तिच्या हातात राहते, चेक-आउटच्या भरवशावर नाही. शेवटचे दहा दिवस तर सोडूनच द्यायचे.

माहुलीकर

मंडळी, काल लेकीशी तासभर बोललो. हा धागा तिनं पूर्ण वाचला. मग आम्ही दोघांनी फोनवर, मी वहीत आणि ती संगणकावर, तिचं वर्षाचं मांडलं. पार्किंग आणि तिथल्या रेल्वेचे ८५ डॉलर तिनं एरवीही दिलेच असते. उरलेली क्रेडिटं तिनं दोन वर्षांत एकदाही पुरती वापरली नव्हती. फी लागल्यापासून महिन्याच्या आत कमी फीच्या कार्डावर जाता येतं असं तिला बँकेनं सांगितलं. पॉइंट तसेच राहतील, भरलेल्या फीतला फरक परत येईल. ती तेच करणार आहे.

नव्या वर्षाचे ९३ डॉलर तेवढे उरलेत. मी म्हणालो, राहू देत, आता आमच्यासाठी काही काढू नकोस. हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "ते तुझ्याच तिकिटाला लाव." कार्ड बदलायच्या आधी तिनं काल रात्रीच तिकीट काढलं. आत्ता पैसे भरून, आणि व्यवहार पक्का झाल्याचा फोटोही सकाळी मला पाठवला. एकोणीस डिसेंबरला रात्री मुंबईत उतरतेय. वीसला दुपारी माहुली.